चर्चच्या इमारतीसाठी निधी : सल्लागाराकडे काय सोपवावं आणि काय सोपवू नये

तुमच्या बांधकाम समितीने विचारलेलं थोडक्यात असं : उपासनेची जागा अपुरी पडते, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, सभेने नव्या इमारतीला मान्यता दिली आहे, वास्तुविशारदाने ढोबळ खर्च सांगितला आहे. आता निधी उभारायला बाहेरचा व्यावसायिक सल्लागार घ्यावा का, तो नेमकं काय करतो, त्याचे पैसे कसे ठरवायचे आणि सुरुवात कुठून करायची? शिवाय समितीतल्या एकांचं म्हणणं आहे की जमलेल्या रकमेवर टक्केवारी ठरवली, तर तो जीव तोडून काम करेल.

सल्लागार जरूर घ्या. पण तो पैसे आणून देईल ही अपेक्षा आधी मनातून काढून टाका. पैसे तुमची मंडळीच देणार, आणि मंडळीतल्याच माणसांनी मागितले तर देणार. बाहेरच्या माणसाकडून घ्यायचं ते मुख्यतः एकच : तुमचे लोक तुमच्या तोंडावर जे बोलत नाहीत ते ऐकून घेणारा कान. वेळापत्रक, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, पत्रकं हे सगळं त्याच्या मागून येतं. आणि टक्केवारी तर मुळीच नको. त्याची कारणं पुढे देतो.

ठरावीक मुदत, ठरावीक आकडा आणि स्वयंसेवकांच्या तुकड्या हे निधी मोहिमेचं रूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या इमारतींसाठी घडत गेलं. १९०५ मध्ये वॉशिंग्टनच्या वायएमसीएसाठी लायमन पियर्स निधी जमवत होते. पूर्ण रक्कम काही होईना, तेव्हा त्यांनी चार्ल्स समनर वॉर्ड यांना मदतीला बोलावलं. वॉर्ड यांचं कसब स्वतः मागण्यात नव्हतं. मागणाऱ्यांची फळी उभी करण्यात आणि तिला मुदतीत बांधून ठेवण्यात होतं. सव्वाशे वर्षं होत आली, साधनं बदलली, पण चांगला सल्लागार अजूनही तेच करतो. ‘सगळं आमच्यावर सोडा’ असं म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

आता आकड्याकडे येऊ, कारण बहुतेक समित्या इथेच घसरतात. कुणीतरी एकूण खर्चाला कुटुंबांच्या संख्येने भागतो आणि ‘घरटी इतके’ ही भाषा सुरू होते. दिसायला हे न्याय्य दिसतं. समजा मंडळीत ३०० कुटुंबं आहेत आणि उद्दिष्ट १०० भागांचं आहे. सारखी वाटणी केली तर घरटी एक तृतीयांश भाग येतो. ज्याची १५ भाग देण्याची ऐपत आहे तो एक तृतीयांश देऊन मोकळा होतो, वर ‘माझा वाटा दिला’ असं सांगायलाही मोकळा. ज्याला तेवढंही झेपत नाही तो ओशाळून उपासनेलाच यायचा थांबतो. वरच्याकडून मिळायचं ते राहिलं आणि खालच्याला दुखावलं, एवढंच त्यातून साधतं.

त्याऐवजी देणग्यांची उतरंड मांडा. १५ भागांची एक देणगी, ८ भागांच्या दोन, ४ भागांच्या चार, २ भागांच्या आठ, १ भागाच्या सोळा. ही ३१ कुटुंबं झाली आणि त्यांच्याकडून ७९ भाग आले. उरलेले २१ भाग बाकी २६९ घरांतून, ज्याला जे झेपेल तसे. प्रत्येक मंडळीचा तक्ता हुबेहूब असाच असेल असं नाही. सधनांची संख्या कमी असेल तर उतरंड बुटकी आणि रुंद होते, आणि मग घरं जास्त फिरावी लागतात. पण थोड्या घरांतून बरेच पैसे आणि बऱ्याच घरांतून थोडे पैसे, हा साचा जवळपास सगळीकडे टिकतो. वरच्या पायऱ्यांवर एका देणगीमागे किमान तीन संभाव्य नावं लागतात, कारण एक नकार देईल आणि एक निम्म्यावर येईल. पहिल्या सात देणग्यांसाठी तुम्हाला वीसेक नावं कागदावर लिहिता येत नसतील, तर उद्दिष्टच मोठं आहे. ही परीक्षा फुकट आहे. कुणालाही फी देण्याआधी ती करून पाहा.

उद्दिष्ट आवाक्यात आहे का, याचा आणखी एक अंदाज या क्षेत्रात वापरतात. मंडळीचं वर्षभराचं नियमित अर्पण आणि दशांश धरून जी रक्कम होते, तिच्या एक ते तीनपट निधी तीन वर्षांत फेडायच्या वचनांवर, म्हणजे देणगीच्या लेखी कबुलीवर, साधारण उभा राहू शकतो. तीनपटीच्या वर जाणाऱ्या मंडळ्या असतात, पण मोजक्या, आणि त्यांच्याकडे बहुधा एखादी असाधारण देणगी आलेली असते. तुमचा ढोबळ खर्च वर्षाच्या अर्पणाच्या सातपट असेल, तर कितीही नामांकित सल्लागार आणा, तो गणित बदलू शकत नाही. टप्प्याटप्प्याने बांधा, कर्जाचा विचार करा, नाहीतर थांबा.

या उतरंडीवर ‘चर्चमध्ये सगळे समान, मग सधनांकडे आधी का जायचं?’ असा आक्षेप हमखास येतो. तो घेणाऱ्यांना मी बायबलमधला १ इतिहास, अध्याय २९ काढायला सांगतो. मंदिरासाठी दावीद राजा आधी स्वतः काय देतोय ते सांगतो : ओफिराचं ३,००० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं, ७,००० किक्कार शुद्ध चांदी. मग वडीलधारे, सरदार आणि कारभारी देतात, आणि ते मनापासून दिलेलं पाहून लोकांना आनंद होतो. क्रम वरून खाली, आतून बाहेर. म्हणजे पाळक, पंच आणि मोहीम समिती यांनी स्वतःचं वचन लिहून दिल्याशिवाय कुणाच्याही दारात जायचं नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, पण त्या घराला जाणवेल अशी हवी. ज्याने स्वतः दिलं नाही त्याला मागताना जीभ अडखळते, आणि समोरच्याला ते कळतं.

आता सल्लागाराचं खरं काम, पूर्वपाहणी. यात तो मंडळीतल्या साधारण २५ ते ४० जणांशी एकेकटं बोलतो, बंद दाराआड, तासभर. फक्त सधनांशी नव्हे. जुनी घरं, तरुण कुटुंबं, महिला संघ, एके काळी पंच असलेले आणि आता मागच्या बाकावर बसणारे, हे सगळे त्या यादीत हवेत. विशेषतः मागच्या बाकावरचे. प्रश्न साधे असतात : ही इमारत खरंच हवी आहे का? आत्ताच का? हे काम कोणाच्या हातात दिलं तर तुम्हाला विश्वास वाटेल? शेवटी देणग्यांच्या उतरंडीचा कागद समोर ठेवून तो विचारतो, ‘देवाने सुचवलं तर यातल्या कोणत्या पायरीचा विचार तुम्ही कराल?’ आणि गप्प बसतो. बोट कुठल्या ओळीवर टेकतं आणि तिथे पोचायला किती वेळ घेतं, दोन्ही तो टिपून ठेवतो.

हे काम पाळकांनी किंवा अध्यक्षांनी केलं तर चालणार नाही का, असा प्रश्न काटकसरीपोटी निघतो. नाही चालणार. पाळकांसमोर लोक भीड राखून ‘हो’ म्हणतात. ज्याने बाप्तिस्मा दिला, आईच्या अंत्यविधीला प्रार्थना केली, त्याला ‘तुमची योजना मला पटत नाही’ असं तोंडावर कोण सांगणार? परक्यासमोर तीच माणसं मोकळी होतात, आणि जे बाहेर पडतं त्याचा इमारतीशी बऱ्याचदा संबंधही नसतो. मागच्या दुरुस्ती फंडाचा हिशेब कधी सांगितलाच नाही. पाळकांची बदली जवळ आली आहे, मग ओझं कोण वाहणार? दोन घराण्यांचं जुनं भांडण आहे आणि समितीत एकाच घराण्याची माणसं आहेत. नव्या सभागृहापेक्षा संडे स्कूलच्या खोल्या आधी हव्यात. यातलं एक जरी न ऐकता पुढे गेलात, तर ते ऐन मोहिमेत दुसऱ्या तोंडाने बाहेर येतं : ‘विचार करून सांगतो.’

अहवालात कोण काय म्हणालं हे येता कामा नये, फक्त काय म्हटलं गेलं ते यावं. ही अट करारातच लिहा, आणि मंडळीलाही आधीच सांगा. अहवाल हाती आल्यावर ‘हे कोण बोललं असेल’ याचा शोध घ्यायचा मोह पंचांना होतो. तो तिथेच आवरा.

पूर्वपाहणीचा आणि मोहिमेचा करार वेगवेगळा करा. पाहणी करणाऱ्यालाच पुढचं मोठं काम मिळणार हे आधीच ठरलं असेल, तर ‘थांबा’ असं लिहिताना त्याचा हात थबकतो. माणूस अप्रामाणिक असतो असं नव्हे, पण त्याला अशा पेचात टाकायचंच कशाला? पाहणीची फी घेऊन तो मोकळा झाला पाहिजे. पुढे त्यालाच नेमायचं की नाही हे तुम्ही नंतर ठरवा. अहवाल म्हणाला की १०० ऐवजी ६० भागच दिसतात, तर फी वाया गेली असं समजू नका. मंडळीसमोर फसलेली मोहीम त्याहून कितीतरी महाग पडते, आणि तिच्यानंतर बरीच वर्षं कुणी निधीचा विषय काढू देत नाही.

आता टक्केवारी. निधी संकलनाच्या व्यवसायात हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या संघटनेची आचारसंहिता १९६४ मध्ये स्वीकारली गेली. देणग्यांच्या टक्केवारीवर मोबदला घ्यायला ती आपल्या सदस्यांना मनाई करते. कारण सरळ आहे. टक्केवारीवर काम करणाऱ्याचं हित आजच्या मोठ्या आकड्यात असतं, तर तुमचं हित पुढच्या वीस वर्षांच्या नात्यात. जे घर दोन महिने प्रार्थना करून ठरवणार, त्याच्यावर तो या आठवड्यातच दबाव आणेल. शिवाय एखाद्या विधवेने मोडून दिलेल्या ठेवीतला हिस्सा सल्लागाराच्या खिशात गेला हे मंडळीत कळलं, तर पुढची वचनं तिथेच थांबतात, आणि ते चुकीचंही नाही. फी ठरावीक असावी, कामाच्या टप्प्यांना बांधलेली असावी आणि शक्यतो निधीतून नव्हे तर चर्चच्या चालू खर्चातून किंवा आधी बाजूला काढलेल्या रकमेतून द्यावी. निधीतूनच द्यावी लागणार असेल, तर मंडळीला पहिल्या दिवशी तसं सांगा.

करारात आणखी काय पाहायचं? सादरीकरणाला आलेला मुरब्बी माणूसच प्रत्यक्ष काम करणार की नुकताच लागलेला सहायक, हे नावानिशी लिहून घ्या. महिन्यातून किती दिवस प्रत्यक्ष येणार, किती वेळा फोनवर. देणगीदारांची यादी तुमची राहील आणि काम संपल्यावर त्याच्याकडे प्रत राहणार नाही. दोन्ही बाजूंना महिन्याभराच्या सूचनेने थांबता यावं. पैसा त्याच्या हातातून किंवा त्याच्या खात्यातून कधीही जाऊ नये. यात अपवाद नको. सल्ला देणारा आणि स्वतः देणग्या मागणारा यांच्यात बऱ्याच ठिकाणचा कायदा फरक करतो आणि मागणाऱ्यावर नोंदणीची बंधनं घालतो, म्हणून तुमच्या भागातला नियम वकिलाकडून तपासून घ्या. संदर्भ मागताना यशस्वी मोहिमांचेच फोन नंबर घेऊ नका. जिथे उद्दिष्ट गाठता आलं नाही अशी एखादी मंडळी दाखवायला सांगा आणि तिथल्या खजिनदाराशी बोला. तो माणूस सल्लागाराबद्दल जे सांगेल ते कुठल्याही पत्रकात सापडणार नाही. डायोसिस किंवा सिनॉड, म्हणजे तुमच्या चर्चच्या वरच्या संस्थेच्या, कचेरीतही विचारा. काही ठिकाणी त्यांचा स्वतःचा सल्लागार असतो, आणि मोठ्या बांधकामाला वरची परवानगी लागते ती वेगळीच.

चर्चच्या कामाची सवय नसलेला, पण शाळा-रुग्णालयांच्या मोहिमा केलेला सल्लागार चालेल का? चालेल, एका अटीवर. प्रार्थना ही त्याच्या वेळापत्रकातली सजावट नसावी. उपासनेत त्याने जाहिरातीची भाषा आणली की लोक मिटतात. मंडळीला हे लगेच कळतं, आणि मग ‘मार्केटिंग चाललंय’ ही कुजबुज थांबवता येत नाही.

प्रत्यक्ष मागणीचं तंत्र मी फार लांबवत नाही, ते सल्लागार शिकवेल. कळीची गोष्ट एवढीच की व्यासपीठावरून केलेल्या सरसकट घोषणेला ‘फूल ना फुलाची पाकळी’ असंच उत्तर मिळतं. मोठी देणगी घरी जाऊन, समोरासमोर, आकडा सुचवून मागावी लागते. दोघांनी जावं, त्यातला एक त्या घराच्या बरोबरीचा असावा. आकडा सांगितल्यावर गप्प राहावं. आणि त्याच बैठकीत होकार घेण्याची घाई करू नये. वचन लिहायचं कार्ड ठेवून यावं, आठवड्याने पुन्हा जावं.

उद्दिष्टाचा निम्म्याहून अधिक भाग, जमलं तर साठ-सत्तर टक्के, वचनांच्या रूपाने हाती येईपर्यंत जाहीर उद्‌घाटन करू नका. या गाजावाजा न करण्याच्या काळात समितीचा धीर सुटतो. ‘चार महिने झाले, मंडळीला काहीच कसं सांगितलं नाही?’ असं सगळे विचारू लागतात. काम चालू आहे, भेटी चालू आहेत, एवढं जरूर सांगा. पण आकड्याचा फलक दाराशी लावाल तो अर्ध्याच्या वर गेल्यावरच. शून्यावर महिनाभर उभा राहिलेला फलक पाहून कुणाचाच हात खिशाकडे जात नाही.

मग वचनांचा रविवार. कार्ड बंद पाकिटात वेदीजवळ आणून ठेवायचं, सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा. नावं आणि रकमा वाचून दाखवू नका. काही मंडळ्यांत ती प्रथा आहे आणि तिने आकडा वाढतो हेही खरं, पण ज्याचं नाव शेवटी येतं त्याचा विचार करा. दाविदाने आपला आकडा चारचौघांत सांगितला तो राजा म्हणून. पेन्शनवर जगणाऱ्या शिक्षकाकडून तशी अपेक्षा नको. वचनांच्या रकमा खजिनदार आणि नोंद ठेवणारी एखादी व्यक्ती, एवढ्यांनाच ठाऊक असाव्यात. पाळकांना त्या कळाव्यात की नाही यावर मतभेद आहेत. माझं मत : मोठ्या देणगीच्या भेटीला पाळक जाणार असतील तर त्या घरापुरतं कळावं, बाकी यादी त्यांनी पाहू नये. याने त्यांचीच सोय होते. कुणाच्या आजारपणात धावून गेलं की नाही, याचा संबंध कुणी देणगीशी जोडू शकत नाही.

पैसे येऊ लागले की वेगळं खातं उघडा, दोन सह्यांचं, आणि दर तिमाहीला मंडळीसमोर हिशेब ठेवा. इमारतीसाठी दिलेला पैसा इमारतीलाच लागला पाहिजे, पगाराला तात्पुरता उसनासुद्धा नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत कॅनन १२६७ हेच सांगतो : विशिष्ट हेतूने दिलेलं दान त्याच हेतूला लावावं. इतर पंथांत आणि देशोदेशींच्या धर्मादाय कायद्यांतही हे तत्त्व कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. बायबलमधल्या प्रेषित पौलाने यरुशलेमच्या मंडळीसाठी वर्गणी जमवली तेव्हाही ती नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवहारात कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८ वाचा. खजिनदाराला तरी वाचायला द्याच.

तीन वर्षांत काही वचनं गळणार. मृत्यू, बदली, नोकरी जाणं, क्वचित रुसवा. शंभरातली पाच-दहा वचनं पुरी होणार नाहीत असं धरूनच बांधकामाचं गणित करा, आणि त्यावर ठेकेदाराच्या वाढीव खर्चासाठी वेगळी तरतूद ठेवा. बिलं आधी येतात, वचनांचे पैसे मागून. मधल्या खिंडाराला अल्पमुदतीचं कर्ज लागतं, त्याचं व्याज उद्दिष्टातच मिळवा. वचनपत्राच्या पहिल्या ओळीतच लिहा की ही देणगी नियमित अर्पणाच्या वर आहे. नाहीतर एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे जातील आणि इमारत उभी राहता राहता पाळकांचा पगार थकेल. मंडळीत नव्याने आलेल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वेगळं भेटा. त्यांच्याकडून गळतीचा बराच भाग भरून निघतो, आणि बहुतेक समित्या हे विसरतात.

सल्लागाराची पूर्ण फी परवडत नसेल तर फक्त पूर्वपाहणी विकत घ्या, मोहीम स्वतः चालवा आणि महिन्यातून एकदा त्याचा सल्ला घ्या. उलटं कधी करू नका, म्हणजे पाहणी घरच्या घरी आणि मोहीम मोठ्या कंपनीकडे.

पुढच्या महिन्याभरात करायचं ते असं. गेल्या पाच वर्षांच्या अर्पणाचे आकडे खजिनदाराकडून वर्षवार मागवा. जुन्या फंडाचा राहिलेला हिशेब असेल तर तो पूर्ण करून मंडळीसमोर ठेवा, मोहिमेचं नावही काढण्याआधी. इमारत कशासाठी हवी, हे एका पानात लिहा आणि समितीबाहेरच्या तिघांना वाचायला द्या. त्यांना पुन्हा समजावून सांगावं लागलं तर पान परत लिहा. किमान तीन सल्लागारांकडून फक्त पूर्वपाहणीचे प्रस्ताव मागवा. आणि वास्तुविशारदांना सांगा की अहवाल येईपर्यंत रंगीत चित्रं करू नयेत. ती एकदा दर्शनी भिंतीवर लागली की त्यातला एक मजलाही कमी करणं सभेत अशक्य होऊन बसतं.